साखर मोजण्याचा इतिहास

मधुमेह हा आजार वैद्यांना निदान दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. रक्तातली साखर मात्र सहजपणे आणि वारंवार मोजता येऊ लागली त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली, आणि रोग्याला ती घरी मोजता येऊ लागली त्याला पन्नास वर्षेही पुरती झालेली नाहीत. या सगळ्या काळात रोगाविषयीची समजूत मोजण्याच्या साधनामागून चालत आली. साधनाला जेवढे दिसले तेवढेच डॉक्टरांना कळले, आणि जे दिसत नव्हते त्याविषयी मोठमोठ्या विद्वानांनीही चुकीचे सल्ले दिले.

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. वातज प्रकारांतला मधुमेह हा सर्वांत कठीण मानला जाई. मधासारखी गोड लघवी हे त्याचे लक्षण. रोग पुरता प्रकट होण्याआधीच्या खुणा सांगताना चरकसंहितेने रोग्याच्या अंगाकडे आणि लघवीकडे मुंग्या व भुंगे धाव घेतात याची नोंद केली आहे. परीक्षा म्हणून ती ढोबळ होती, पण चुकीची नव्हती. सुश्रुताने एक पाऊल पुढे जाऊन रोग्यांचे दोन वर्ग केले. एक जन्मतःच रोग घेऊन आलेले, अंगाने कृश. दुसरे अपथ्याने रोग ओढवून घेतलेले, स्थूल आणि खादाड. दुसऱ्या वर्गासाठी त्याने सांगितलेला उपाय मोठा कडक आहे. छत्री आणि पादत्राणे न वापरता दूरवर पायी चालावे, गाईंच्या मागे हिंडावे, विहीर खणावी, सावे आणि देवभात खाऊन मुनीसारखे राहावे. आजच्या टाइप १ आणि टाइप २ या विभागणीशी त्याचे साम्य नजरेत भरते, पण ते ताणू नये. सुश्रुताच्या प्रमेहात आज मधुमेहात न मोडणारे कितीतरी मूत्रविकारही येतात.

युरोपात ही गोडी फार उशिरा नोंदली गेली. दुसऱ्या शतकातल्या कॅपाडोसियाच्या अरेटियसने रोगाचे भेदक वर्णन केले: मांस आणि अवयव वितळून लघवीवाटे निघून जात आहेत, तहान भागत नाही, आयुष्य थोडे उरते. चवीचा उल्लेख त्याने केला नाही. तो १६७४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिसच्या ग्रंथात येतो. विलिसने रोग्यांची लघवी चाखून ती मध किंवा साखर घातल्यासारखी लागते असे लिहिले. गोडीचे कारण त्याला सांगता आले नाही.

ते काम लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने केले. त्याने एका रोग्याची लघवी मंद आचेवर आटवली. मागे पांढरट ढेप उरली. वासाला आणि चवीला ती साखरेसारखीच होती. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याच रोग्याचे रक्त काढून त्यातला पातळ द्रव त्याने चाखला, तर तोही गोड. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ मोठा होता. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती आधीच रक्तात असते आणि मूत्रपिंडे ती फक्त बाहेर टाकतात. पुढे १८१५ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने ही साखर म्हणजे द्राक्षातली साखर, अर्थात ग्लुकोज, हे ठरवले.

रक्त गोड असते हे कळले तरी ते किती गोड आहे हे सांगण्याची सोय नव्हती, म्हणून पुढची दीडशे वर्षे सारा कारभार लघवीवर चालला. १८४१ मध्ये ट्रोमरने आणि १८४०च्या दशकाच्या अखेरीस फेलिंगने मोरचुदावर आधारलेल्या परीक्षा तयार केल्या. मोरचुदाच्या क्षारयुक्त द्रावणात ग्लुकोज मिसळून उकळले की निळा रंग जातो आणि तांबड्या ऑक्साइडचा साका बसतो. जिभेचे काम परीक्षानळीकडे आले.

तरीही आकडा हाती नसताना तर्क कुठवर भरकटतो याचे उदाहरण याच शतकात सापडते. लघवीतून साखर वाया जाते, तर ती भरून काढायला हवी, असे म्हणून पॅरिसच्या प्योरी या नामांकित डॉक्टरने मधुमेह्यांना भरपूर साखर खायला सांगितली. त्याच शहरातल्या बुशार्दाने उलटी वाट धरली. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने पिठूळ पदार्थ कमी केले, हिरव्या भाज्या वाढवल्या, अंगमेहनत सांगितली. आणि रोग्याने रोज स्वतःची लघवी तपासावी असा आग्रह धरला. तपासणी रोग्याच्या हाती देणारा हा पहिला मोठा डॉक्टर. त्याचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हे काहीसे अन्यायाचेच आहे.

याच सुमारास रोगाचे मूळही सापडत होते. १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात पेशींची विखुरलेली बेटे पाहिली. त्यांचे काम काय हे त्याला कळले नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि कुत्र्याला तीव्र मधुमेह झाला. स्वादुपिंडातून साखरेवर ताबा ठेवणारे काहीतरी स्रवते, तर ते अर्कातून देता येईल, अशी आशा निर्माण झाली.

ही आशा फळायला तीस वर्षे का लागली, याचे उत्तर पुष्कळ अंशी मोजमापात आहे. बर्लिनच्या गेओर्ग त्सुएल्झरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वादुपिंडाचा अर्क रोग्यांना टोचला. लघवीतली साखर घटली, पण ताप आणि इतर त्रास होऊ लागले. पुढच्या प्रयोगांत आकडीही दिसली आणि काम थांबले. ती आकडी बहुधा रक्तातली साखर एकदम खाली गेल्याची होती. म्हणजे औषध लागू पडत होते, प्रमाण जास्त होत होते. लघवीची परीक्षा हे सांगूच शकत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली तरच मूत्रपिंडे ती लघवीत सोडतात. साखर १५० असो, ९० असो की जिवावर बेतणारी ३० असो, परीक्षानळी निळी ती निळीच.

रक्ताची परीक्षा तोवर शक्य होती, पण तिला एवढे रक्त लागे की दिवसातून अनेकदा ती करणे कोणाला परवडणारे नव्हते. १९१०च्या दशकात स्वीडनमधल्या ईवार बांग याने काही थेंबांत भागणारी पद्धत काढली आणि १९१९ मध्ये अमेरिकेत फोलिन व वू यांनी प्रयोगशाळेत रुळेल अशी रीत बसवली. टोरांटोमध्ये १९२१च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करू लागले तेव्हा दर तासा-दोन तासांनी रक्त तपासण्याची सोय त्यांच्या हाताशी होती. त्सुएल्झरला ती मिळाली नव्हती. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्प्सनला अर्काचे पहिले इंजेक्शन दिले, ते फारसे लागू पडले नाही. त्यांचा सहकारी कॉलिप याने शुद्ध केलेला अर्क, म्हणजेच इन्सुलिन, २३ जानेवारीला दिला आणि दिवसभरात थॉम्प्सनची साखर ५२० वरून १२० वर आली. बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्सुलिनआधी उपचार म्हणजे उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत रोग्याचे अन्न तोडत जाई. मुले सांगाडे होत, पण काही महिने, कधी काही वर्षे तगत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला पोहोचली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन अवघे वीस किलो होते. इन्सुलिनवर ती १९८१ पर्यंत जगली.

भारतातल्या मधुमेहाची चर्चा इंग्रजी वैद्यकात या सुमारास सुरू झाली होती. १९०७ मध्ये उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर ब्रिटिश डॉक्टरांनी परिसंवाद घेतला. त्यात कलकत्त्याच्या चुनीलाल बोस यांनी हा शिकल्यासवरल्या, बैठे काम करणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी वर्गाचा आजार असल्याचे मांडले. हे खरे होते, पण अपुरे. डॉक्टरकडे जाऊन लघवी तपासून घेणे ज्यांना परवडे, त्यांच्यातच मधुमेह सापडणार. महाराष्ट्रात याच काळातले ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे. मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या वर्षांत, ते मधुमेही होते आणि पथ्याच्या अन्नावर राहत होते. 'गीतारहस्य' लिहिले गेले ते त्या पथ्यातच. १९२० मध्ये ते वारले. इन्सुलिन यायला अजून दोन वर्षे होती.

इन्सुलिन आल्यावर मोजणे ही रोजची गरज झाली आणि ते काम घराघरांत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने केले. अमेरिकन रसायनज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्टने फेलिंगची रीत सुधारून मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट यांचे टिकाऊ द्रावण तयार केले होते. महाराष्ट्रातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ते अजून प्रयोगशाळेत भेटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अनेक मधुमेह्यांच्या न्हाणीघरात त्याची बाटली, परीक्षानळी, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा असा सरंजाम असे. ५ मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळी. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे म्हणजे एक प्लस, पिवळे दोन, नारिंगी तीन, आणि विटकरी म्हणजे चार प्लस, साधारण दोन टक्के किंवा त्याहून जास्त साखर. रुग्णालयांत या रंगांवरून इन्सुलिनचे युनिट ठरत.

ही पद्धत स्वस्त होती, निरक्षर माणसालाही रंग कळत, आणि तिने असंख्य जीव वाचवले. तिचे दोष तिच्या गाभ्यातच होते. लघवी मूत्राशयात कित्येक तास साठलेली असते, म्हणजे तपासणी आत्ताची नसून मघाची. उतारवयात मूत्रपिंडांची १८० ची मर्यादा वर सरकते, गरोदरपणी खाली येते. द्रावणाला ग्लुकोज आणि इतर क्षपणकारी पदार्थ यांतला फरक कळत नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीतली दुधाची साखर किंवा पोटात गेलेले क जीवनसत्त्वही रंग बदलू शकते. इन्सुलिन जास्त होऊन साखर घसरली तर ती काहीच सांगत नाही, हा दोष तर सर्वांत धोक्याचा. घाम, थरथर आणि भ्रम सुरू झाला की घरच्यांनी पटकन साखर-पाणी द्यायचे, एवढाच उपाय हाती होता.

भारतात मधुमेह्यांना शिक्षण देण्याचे संघटित काम या निळ्या द्रावणाच्या काळातच सुरू झाले. डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. मद्रासला त्याच दशकात डॉ. एम. विश्वनाथन यांनी केवळ मधुमेहासाठी रुग्णालय उभारले.

दरम्यान अमेरिकेत एल्कहार्ट गावच्या एम्स कंपनीने दिवा आणि उकळी यांची गरज काढून टाकली. १९४१ मध्ये तिने क्लिनिटेस्ट ही गोळी आणली. गोळी लघवीच्या थेंबांत टाकली की ती स्वतःच द्रावण तापवी. १९५०च्या दशकात विकराचा उपयोग करणाऱ्या पट्ट्या आल्या. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर फक्त ग्लुकोजवरच काम करते, त्यामुळे इतर पदार्थांनी होणारी फसवणूक संपली. ॲल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याचे यात मोठे काम आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यास हेच विकर रक्तासाठी वापरणारी डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी निघाली: थेंब ठेवायचा, ६० सेकंद थांबायचे, पाण्याने धुवायचे आणि उरलेला रंग तक्त्याशी ताडायचा. डोळ्यांचा अंदाज चुके, म्हणून रंगाचे आकड्यात रूपांतर करणारे यंत्र अँटन क्लेमन्स याने बनवले. ते १९७०च्या सुमारास बाजारात आले. वजन किलोभराहून जास्त, किंमत शेकडो डॉलर.

हे यंत्र डॉक्टरांसाठी होते, रोग्यांसाठी नाही. लहानपणापासून टाइप १ मधुमेह असलेल्या रिचर्ड बर्नस्टीन या अभियंत्याने ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावाने मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासू लागला. कोणते अन्न, किती इन्सुलिन, किती चालणे साखरेला कुठे नेते हे त्याने आकड्यांत पकडले. वैद्यकीय नियतकालिके आपले लेखन छापत नाहीत असे पाहून तो पुढे, चाळिशी उलटल्यावर, वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि डॉक्टर झाला. १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी रोगी घरी स्वतःचे रक्त बिनचूक तपासू शकतात असे दाखवून दिले. १९८७ मध्ये रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजणारा पेनाएवढा ग्लुकोमीटर आला. लेलंड क्लार्कने १९६२ मध्ये मांडलेली विकर-इलेक्ट्रोडची कल्पना त्याच्या मुळाशी होती. आज घरोघरी असलेली यंत्रे याच जातीची.

एका मोठ्या वादाचा निकाल मात्र अजून लागायचा होता. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात का? अमेरिकेतले मधुमेहाचे डॉक्टर जॉस्लिन 'वाचतात' असे हयातभर म्हणत राहिले. इतर अनेकांना गुंतागुंत हा रोगाचा अटळ भाग वाटे. दोन्ही बाजूंकडे पुरावा नव्हता, कारण एखाद्याची साखर महिनोन्‌महिने कशी राहिली हे मोजता येत नव्हते. तो मार्ग सापडला तेहरानला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार जास्त आढळला. ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटून तो तयार होतो, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्याचे प्रमाण मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. रोगी ज्याला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतात ती एचबीए१सी चाचणी ती हीच. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून डॉक्टरला फसवण्याची जुनी युक्ती तिने निकालात काढली.

ग्लुकोमीटर आणि ही चाचणी हाताशी आल्यावरच मोठा प्रयोग शक्य झाला. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ च्या १,४४१ रोग्यांवर १९८३ पासून चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये आला. एचबीए१सी सातच्या आसपास राखलेल्या गटात, नऊच्या आसपास असलेल्या गटाच्या तुलनेत, दृष्टिपटलाचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. साखर घातक पातळीला घसरण्याचे प्रसंग मात्र त्याच गटात सुमारे तिप्पट होते. टाइप २ साठी असाच निकाल १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने दिला. जॉस्लिन बरोबर होते; ते सिद्ध झाले त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

निदानाच्या रेषाही मोजमापाबरोबर सरकल्या. १९७९ पासून उपाशीपोटी १४० ही मर्यादा होती, १९९७ मध्ये ती १२६ वर आणली गेली आणि कालपर्यंत निरोगी गणलेली पुष्कळ माणसे एका निर्णयाने मधुमेही ठरली. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० ही दुसरी रेषा, आणि २०१० नंतर एचबीए१सी ६.५ टक्के ही तिसरी. तिसरी सरसकट वापरता येत नाही. पंडुरोगात ती दगा देते, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या भागांत, जिथे सिकलसेल आढळतो, तिथे तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने आकडा फसवा कमी येऊ शकतो.

पुण्यातल्या संशोधनाने याच काळात वेगळाच आडाखा दिला. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची ३.५ किलोची. वजनात एवढी तफावत, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा बारीक दिसणाऱ्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ भारतीयाला मधुमेह कसा होतो, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर छायाचित्रातून देणे अवघड.

गेल्या पंचवीस वर्षांत दंडावर किंवा पोटावर चिकटणारे सेन्सर आले आणि साखर दिवसातून चारदा नव्हे तर दर काही मिनिटांनी कळू लागली. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती भाग गेला, हा नवा हिशेब सुरू झाला. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्के हे लक्ष्य धरतात. सेन्सर रक्त मोजत नाही, त्वचेखालच्या पेशींभोवतीचा द्रव मोजतो आणि काही मिनिटे मागे असतो. म्हणून लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करावी लागते. भारतात त्याचा खर्च अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

देशाच्या दृष्टीने मोठे काम साध्या ग्लुकोमीटरनेच केले. १९७०च्या दशकातल्या पाहणीत शहरी भारतात मधुमेहाचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आढळले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीत २००८ ते २०२० या काळात गावोगावी, दारोदारी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांच्या बोटातले रक्त तपासले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: देशात ११.४ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही, आणि सर्व राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३.६ कोटी. या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांच्या लघवीत साखर उतरत नाही आणि त्यांना कसला त्रासही जाणवत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते सापडतच नाहीत.